स्कूटरचा वेग कोठें हरवतो?

(नभोवाणीवरील भाषण)

छत्रपती संभाजीनगरांत क्रांती चौकाकडून रेल्वे स्टेशनकडे जातांना उस्मानपुरा लागतो. सकाळीं नऊच्या सुमारास या रस्त्यावरून वाहनांचा जो लोंढा वाहत असतो, त्यांत विनागिअरच्या स्कूटरींचा भरणा मोठा. कोणी मुलांना शाळेंत पोंचवीत असतें, कोणी शासकीय तंत्रनिकेतनाच्या दाराशीं मुलाला उतरवीत असतें, कोणी वाळूजच्या कारखान्यांतील पाळी गांठण्याच्या घाईंत असतें. अशा वेळीं एखादी स्कूटर हिरवा दिवा लागतांच मोठ्यानें गर्जते, पण पुढें मात्र सरकत नाहीं. चालविणारा मूठ अधिक पिळतो; आवाज आणखी चढतो; वेग होता तेवढाच राहतो. मागून भोंगे वाजूं लागतात आणि शेजारची रिक्षा तिला मागें टाकून निघून जाते.

त्या दिवशीं सायंकाळीं गृहस्थ गॅरेजांत जातात. “दादा, गाडी ओढत नाहीं. रेस दिली तरी पळत नाहीं,” एवढें सांगून ते मोकळे होतात. मिस्त्री विचारी असला तर दोन प्रश्न उलट विचारतो. घाईंतला असला तर प्लग बदलून पाहतो, कांहीं साफसफाई करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर “काका, इंजिन खोलावें लागेल” असा निकाल देतो. इंजिन खोलणें म्हणजे पिस्टन, रिंगा, बोअरिंग आणि हजारोंचा खर्च. दोष जर इंजिनांत नसेलच, तर एवढा खर्च करूनहि गाडी होती तशीच राहते. ज्या घरांत महिन्याचा जमाखर्च बेताचा असतो, त्या घरास हा फटका लहान नव्हे.

या तक्रारीचा नीट निवाडा करावयाचा तर एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. शक्ति उत्पन्न होणें ही एक गोष्ट, आणि ती शक्ति चाकापर्यंत पोंचणें ही दुसरी. विहिरींत पाणी भरपूर असून मोट गळकी असेल, तर पाटाला पाणी येत नाहीं. त्यासाठीं कोणी विहीर पुन्हां खणीत नाहीं. स्कूटरच्या बाबतींत मात्र गळकी मोट तशीच ठेवून विहीर खणण्याचा प्रकार वरचेवर घडतो.

पिठाच्या गिरणींत ज्यांनी लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांना हा भेद नव्यानें शिकवावा लागत नाहीं. मोटरपासून जात्यापर्यंत लांब पट्टा फिरत असतो. पट्टा घसरूं लागला कीं मोटर हलकी फिरते आणि जातें मंदावतें. जाणता गिरणीवाला अशा वेळीं मोटर उघडीत बसत नाहीं. पट्टा सैल झाला आहे काय, पीठ बसून गुळगुळीत झाला आहे काय, मोटरचें चाक आणि जात्याचें चाक एका रेषेंत आहेत काय, या तीन गोष्टी तो आधीं पाहतो. विनागिअरची स्कूटर ही या दृष्टीनें एक लहानशी फिरती गिरणीच आहे. पट्टा झांकणाआड असल्यामुळें तो दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याचा विसर पडतो, एवढाच काय तो फरक.

हा पट्टा महाराष्ट्राच्या घरांत कसा आला, हेंहि पाहण्यासारखें आहे. १९७२ मध्यें बाजारांत आलेली बजाज कंपनीची चेतक ही गिअरची गाडी होती. डाव्या मुठीनें क्लच दाबून तीच मूठ फिरवावी आणि गिअर बदलावा, अशी तिची रीत. तिच्यांत शक्ति दांतेरी चक्रांवाटे चाकाकडे जात असे. पुढें पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्यें एकत्र येऊन कायनेटिक होंडा ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या पीथमपूरच्या कारखान्यांतून बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर निघूं लागली. त्याच सुमारास, १९८५ मध्यें, बजाजचा कारखाना वाळूज येथें सुरू झाला आणि या शहराच्या घराघरांत दुचाकींची भाषा शिरली. आज मात्र रस्त्यावरील बहुतेक पेट्रोल-स्कूटरी विनागिअरच्या आहेत. गिअर गेले, त्यांचें काम पट्ट्यानें पत्करलें; पण जुन्या गाडीच्या संवयीनें दोष शोधण्याची नजर अजून इंजिनावरच खिळून राहिलेली आहे.

आतां या पट्ट्याचें कार्य. स्कूटरच्या डाव्या अंगास जी लांबट पेटी दिसते, तिच्या आंत दोन पुल्या असतात. एक पुढें इंजिनाच्या दांड्यावर, दुसरी मागच्या चाकाजवळ. दोहोंवरून रबराचा, आंत धागे घालून बळकट केलेला पट्टा फिरतो. त्याचा काप पाचरीसारखा, वर रुंद आणि खालीं अरुंद असतो. प्रत्येक पुली दोन तबकड्यांची असून त्या आंतल्या अंगानें उतरत्या असतात. तबकड्या जवळ आल्या कीं पट्टा वर चढतो. दूर झाल्या कीं खोल उतरतो. पट्टा वर असतां पुली मोठी झाल्यासारखी होते, खोल असतां लहान झाल्यासारखी.

पुढील पुलीच्या पाठीशीं सहसा सहा लहान रोलर बसविलेले असतात. इंजिन वेगानें फिरूं लागलें कीं हे रोलर, गोफणींतील दगडाप्रमाणें, बाहेरच्या बाजूस धांव घेतात आणि तबकडीस रेटतात. त्यामुळें पुढें पट्टा वर चढतो. त्याची लांबी तर ठरलेली. म्हणून मागील पुलीच्या तबकड्या स्प्रिंगेचा दाब सोसून उघडतात आणि तेथें पट्टा खोल उतरतो. आरंभीं पुढची पुली लहान व मागची मोठी असते, तेव्हां जोर अधिक मिळतो. मागाहून पुढची मोठी व मागची लहान होते, तेव्हां वेग अधिक मिळतो. मागील पुलीलगतच क्लच असतो. इंजिन मंद असतां तो सुटा असतो. वेग वाढला कीं त्याचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घट्ट धरतात आणि चाक फिरूं लागतें. पट्टा, रोलर आणि क्लच, हे तिघे मिळून गिअरचें काम करतात. तिघांपैकीं कोणीहि थकला तरी वेग हरवतो.

म्हणून परीक्षेचा पहिला प्रश्न कानांनी सोडवावयाचा आहे. मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो काय? आवाज चढत असून गाडी धांवत नसेल, तर शक्ति वाटेंत सांडत आहे. दोष पट्ट्याच्या पेटींत शोधावा. आवाजच चढत नसेल, इंजिन दबल्यासारखें, धापा टाकल्यासारखें चालत असेल, तर एक तर इंजिनास पुरेसें खाद्य मिळत नाहीं, नाहीं तर चाकास कोणी मागें ओढून धरलें आहे. या एका प्रश्नानें अर्धें काम होतें.

दुसरा प्रकार आधीं निकालांत काढावा, कारण त्याची परीक्षा फुकटांत होते. इंजिन बंद करून गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी आणि मागचें चाक हातानें फिरवावें. तें सहज फिरलें पाहिजे. अडखळत असेल तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटत आहेत. गाडी थोडी चालवून आणल्यावर ड्रम अवाजवी तापलेला आढळला, तर या संशयास दुजोरा मिळतो. नंतर टायरांतील हवा पाहावी. कमी हवेचा टायर वेग खातो आणि पेट्रोलहि खातो. त्यानंतर एअर फिल्टर. रस्त्यावरील धुळीनें तो कोंदला कीं इंजिनाचा श्वास अडतो. मग प्लग आणि पेट्रोल. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून धुराचें नवें मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या स्कूटरींत कार्बोरेटर राहिलेला नाहीं. त्याच्या जागीं इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली आहे. अशा गाडीचा ‘कार्बोरेटर साफ केला’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो कोठें बसविलेला आहे, हें विचारण्यास हरकत नाहीं.

आतां पहिला प्रकार, म्हणजे आवाज चढतो पण गाडी चढत नाहीं. येथें दोष केव्हां प्रकट होतो, तें पाहावें. गाडी जागेवरून निघतांना थरथरत असेल, निघण्यास उशीर लावीत असेल, परंतु एकदां वेग धरल्यावर ठीक चालत असेल, तर क्लचकडे बोट जातें. त्याचे शू झिजले आहेत, किंवा तापून गुळगुळीत झाले आहेत. गाडी ठीक निघत असेल, परंतु चढावर किंवा दोन माणसें बसलीं असतां आवाज एकदम वर जाऊन वेग ढळत असेल आणि जळक्या रबराचा वास येत असेल, तर पट्टा घसरत आहे. मधल्या वेगांत गचके बसत असतील, किंवा सगळें ठीक असून पूर्वीचा शेवटचा वेग मात्र गांठतां येत नसेल, तर रोलर एका अंगास चपटे झाले असावेत, अथवा पट्टा झिजून अरुंद झाला असावा. अरुंद पट्टा पुढील पुलींत हवा तितका वर चढूंच शकत नाहीं. एखाद-दोन मिलिमीटरांची ही झीज डोळ्यांना दिसत नाहीं, मापावी लागते.

पेटीचें झांकण काढल्यावर पट्टा उलटा वांकवून दांत्यांच्या खांचांत चिरा पाहाव्या. बाजू कांचेसारख्या चकाकत असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा एखादा दांता तुटला असेल, तर पट्टा बदलावा. या खुणा नसल्या तरी रुंदी मोजावी आणि कंपनीनें पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादेशीं ताडून पाहावी. सामान्यतः २० ते २५ हजार किलोमीटरांच्या आसपास पट्टा बदलण्याची वेळ येते. पण अखेरचा शब्द त्या गाडीच्या पुस्तिकेचा. पेटींत थोडी काळी भुकटी असणें स्वाभाविक आहे. ढीग असेल तर पट्टा भलत्याच वेगानें झिजत आहे, असें समजावें.

येथेंच बहुतेकांची चूक होते. पट्टा बदलला, गाडी धांवली, काम संपलें, असें मानलें जातें. वस्तुतः पट्टा अकालीं गेला असेल तर तो कां गेला, हा प्रश्न सुटल्यावांचून काम संपत नाहीं. इंजिनाच्या दांड्यावरील किंवा मागील गिअरपेटीवरील तेलाचें सील गळत असेल, तर पट्ट्यावर तेल येतें. त्या जागीं नवा पट्टा घातला तरी तोहि चार दिवसांत घसरूं लागतो. पेटी थंड ठेवण्यासाठीं पुढील पुलीवर पंख्यासारखीं पातीं असतात आणि तीं बाहेरची हवा आंत ओढतात. ही वाट धुळीनें बुजली तर मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पट्टा भट्टींत घातल्यासारखा भाजून निघतो. पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यांतून गाडी नेल्यावर पेटींत पाणी शिरून पट्टा तात्पुरता घसरतो. तो वाळला कीं दोष नाहींसा होतो. अशा वेळीं घाईनें कांहींहि बदलूं नये. आणि चढावर थांबतांना ब्रेक न दाबतां मूठ पिळूनच गाडी तोलून धरण्याची जी संवय पुष्कळांना असते, ती क्लच जाळण्याचा अगदीं निश्चित मार्ग आहे.

कांहीं घरगुती उपाय येथें अपाय ठरतात. गिरणीच्या सपाट पट्ट्यास राळ लावण्याची जुनी रीत आहे. स्कूटरच्या पट्ट्यास राळ, पावडर, तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. त्याची पकड कोरड्या आणि स्वच्छ तबकड्यांवरच अवलंबून असते. पट्टा बसविण्यांतहि एक बारकावा आहे. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेस असावा. पुढील पुलीचा नट आवळण्यापूर्वीं मागील पुलीच्या तबकड्या हातांनी उघडून पट्टा तेथें खोल बसवावा, म्हणजे पुढें तो सैल राहतो. तसें न केल्यास पट्टा पुढील तबकड्यांच्या चिमटींत सांपडतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो घट्ट झालेला नसतो. कांहीं दिवसांनी तो सुटतो आणि दांड्यावरील खांचा खाऊन टाकतो. स्वस्तांतलें काम तेथें इंजिनाच्या दांड्यावर बेततें.

आतां रेषेचा प्रश्न. गिरणींत दोन चाकें एका रेषेंत नसलीं तर पट्टा उतरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. स्कूटरच्या दोन पुल्यांची रेष कारखान्यांतच ठरलेली असते आणि ती सहसा बिघडत नाहीं. बिघडलीच तर खोलजोड करतांना एखादा वॉशर किंवा कॉलर राहून गेलेला असतो, बेअरिंग झिजलेलें असतें, किंवा अपघातांत दांडा वांकलेला असतो. याची खूण पट्ट्यावरच उमटते. त्याची एकच कड खाल्ली जाते आणि दुसरी शाबूत राहते. अशा पट्ट्याकडे पाहून जो मिस्त्री नुसता नवा पट्टा देत नाहीं आणि रेष तपासतो, तो खरा जाणकार.

रेषेचें हें महत्त्व दूरच्या बर्फाळ प्रदेशांत अधिक स्पष्ट दिसतें. काश्मिरांत गुलमर्गला गेलेल्या कित्येक मराठी प्रवाशांनी बर्फावर धांवणारी स्कूटर पाहिली असेल. हिमालयांतील लष्करी ठाण्यांतहि ती वापरली जाते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील जोसेफ-आर्मंड बोंबार्डिये यांनी १९५९ मध्यें स्की-डू या नांवाची अशी हलकी गाडी बाजारांत आणली. तिला मागें चाक नसतें. एक रुंद रबरी पाटा रुळांवरून फिरत राहतो. पण इंजिनापासून त्या पाट्याकडे शक्ति नेणारी योजना थेट उस्मानपुऱ्यांतील स्कूटरचीच आहे. दोन पुल्या आणि मधें पाचरीसारखा पट्टा. याच तत्त्वावर हॉलंडमधील डाफ कंपनीनें १९५८ मध्यें विनागिअरची मोटारगाडीहि आणली होती. बर्फावरील गाडींत वेगळा क्लच नसतो; इंजिन मंद असतां पट्टाच सैल राहतो आणि क्लचचें काम करतो. म्हणून तेथें दोन पुल्यांमधील अंतर आणि त्यांची रेष किंचित जरी चुकली तरी पट्टा जळतो.

तेथें आणखी एक रेष सांभाळावी लागते, ती पाट्याची. गाडीचा मागील भाग उचलून, भक्कम टेकू देऊन, पाटा सावकाश फिरवितात आणि तो दोन्ही रुळांपासून सारख्या अंतरावर राहतो कीं नाहीं, हें पाहतात. ज्या बाजूस तो सरकतो त्या बाजूचा ताण थोडा वाढवितात, आणि पुन्हां पाहतात. फिरत्या पाट्याच्या मागें कोणी उभें राहावयाचें नाहीं, हा तेथील पहिला नियम. पाटा तिरका चालला किंवा अति ताणला गेला तर इंजिन निर्दोष असूनहि वेग घटतो. साखळीच्या मोटरसायकलवाल्यांना यांत नवल वाटणार नाहीं. मागचें चाक बसवितांना दोन्ही अंगांच्या खुणा सारख्या जुळवाव्या लागतात, त्यांतलें मर्म हेंच आहे.

पेट्रोल गेलें तरी हा विषय संपणार नाहीं. शहराजवळील बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या स्कूटरींचा कारखाना उभारण्याची घोषणा एथर कंपनीची २०२४ मध्यें झाली. त्या कंपनीच्या स्कूटरींत मोटरपासून चाकापर्यंत दांतेरी पट्टाच असतो. तो पाचरीसारखा घसरत नाहीं. पण सैल झाला तर दांता सोडतो आणि अति ताणला किंवा रेष चुकली तर कुरकुरतो. यंत्र बदललें, तरी पट्ट्याचा ताण आणि त्याची रेष हीं पाहावींच लागणार.

या सर्व खटाटोपाचें प्रयोजन केवळ पैसे वांचविणें नव्हे. रविवारीं वेरूळला निघालेल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. वडील चालवीत आहेत, मागें आई आणि मध्यें लहान मूल. दौलताबाद मागें पडून खुलताबादचा घाट लागतो. सपाट रस्त्यावर चार महिने लपून राहिलेला पट्ट्याचा दोष घाटांत लपत नाहीं. वळणावर आवाज वर जातो, वेग ढळतो, आणि पट्टा तुटलाच तर गाडी चढावर जागच्या जागीं सुटी होते. मागून मालमोटर येत असते. घसरणारा पट्टा बहुधा आधीं सूचना देतो. त्याचा चढलेला आवाज, त्याचा जळका वास, सिग्नलवरची ती थरथर, या सर्व त्याच्या हांकाच आहेत. त्या ऐकूनहि ‘चालतें आहे तोंवर चालूं द्यावें’ असें म्हणणें म्हणजे घरच्या माणसांस जोखमींत घालणें होय.

म्हणून प्रत्येक स्कूटरवाल्या घरानें तीन साध्या गोष्टी कराव्या. गाडीच्या पुस्तिकेंत पट्टा किती किलोमीटरांवर बदलला, हें तारखेसह लिहून ठेवावें. गॅरेजांत ‘गाडी ओढत नाहीं’ एवढेंच न सांगतां आवाज चढतो कीं नाहीं, आणि दोष निघतांना, चढावर कीं शेवटच्या वेगांत दिसतो, हें सांगावें. आणि पट्टा बदलला तर जुना पट्टा मागून घेऊन त्याच्या दोन्ही कडा स्वतः पाहाव्या. तो कोठें आणि कसा झिजला, यावरून नव्या पट्ट्याचें आयुष्य किती असेल, तें बरेंचसें कळतें. इंजिन उघडण्याची पाळी क्वचित् येते. कान उघडे ठेवण्याची मात्र रोजच असते.